कॅल्शियम-५४ मधले ३४ न्यूट्रॉन ‘जादुई’ कसे? एका गॅमा रेषेवरून काय म्हणता येतं आणि काय नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एमएस्सी झालं आहे आणि न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रकांवर पीएचडी करायचं मनात आहे. वाचनात आलं की कॅल्शियम-५४ ची पहिली उत्तेजित पातळी २,०४३ केईव्हीवर (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) सापडली आणि तिच्यावरून ३४ ही न्यूट्रॉनांची नवी जादुई संख्या मानली गेली, म्हणजे जिथे कक्षांचा एक गट (शेल) पूर्ण भरतो आणि केंद्रक विशेष घट्ट होतं अशी संख्या. पण कॅल्शियम-४८ मध्ये हीच पातळी ३,८३२ केईव्हीवर आहे आणि कॅल्शियम-५२ मध्ये २,५६३ वर. मग २,०४३ हा आकडा ‘मोठा’ कसा? गॅमा किरणांच्या वर्णपटातल्या एका रुंद, बसक्या शिखरावरून एवढं म्हणणं धाडसाचं नाही का? आणि हे शिकायचं तर सुरुवात बीटा क्षयापासून करावी की वेगवान बीमवरच्या प्रयोगांपासून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कुठे जागा मिळते, मार्गदर्शक काय करतात, कुठल्या यंत्रावर बीमचा वेळ मिळतो यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे ते शेवटी घेते. पहिल्या दोन प्रश्नांच्या मुळाशी मात्र एकच अडचण आहे: मोजलेलं काय आणि अनुमान काय, यांतली सीमा तुम्हाला दिसत नाहीये. यात तुमचा दोष नाही. निबंधाच्या सारांशात ती सीमा पुसली गेलेली असते, आणि बातमीत तर उरतच नाही.

गॅमा किरणाची ऊर्जा म्हणजे दोन पातळ्यांमधला फरक. मोजतो ते एवढंच. जिन्यात कुणीतरी किती पायऱ्या उतरलं हे ऐकू यावं, पण कुठल्या मजल्यावरून निघालं आणि कुठे थांबलं हे दिसू नये, तशी ही अवस्था आहे. ‘२,०४३ केईव्हीचा गॅमा’ हे मोजमाप झालं. ‘२,०४३ केईव्हीवर पातळी आहे’ हे पहिलं अनुमान, ‘त्या पातळीचा स्पिन (कोनीय संवेग) २ आणि पॅरिटी (आरशी सममितीचं चिन्ह) धन आहे’ हे दुसरं, आणि ‘म्हणून ३४ वर शेल बंद होते’ हे तिसरं. प्रत्येक अनुमानाला वेगळा पुरावा लागतो आणि प्रत्येकाची ताकदही वेगळी असते.

तिसऱ्यापासून उलटं येऊ, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथेच आहे.

ज्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येने असतात, त्यात सगळे जोडीजोडीने बसतात आणि मूळ अवस्था ०+, म्हणजे स्पिन ० आणि पॅरिटी धन, अशी असते. पहिली उत्तेजित अवस्था बहुतेक वेळा २+ असते. ती गाठायला किती ऊर्जा लागते यावरून वरची मोकळी कक्षा किती दूर आहे याचा अंदाज येतो. दूर असेल तर २+ वर जाते. जवळ असेल किंवा केंद्रक लांबोडकं होऊन सामूहिकपणे फिरू लागलं असेल तर २+ खाली येते. आता कॅल्शियमची रांग बघा: ४२ मध्ये १,५२५ केईव्ही, ४४ मध्ये १,१५७, ४६ मध्ये १,३४६, ४८ मध्ये एकदम ३,८३२, ५० मध्ये पुन्हा १,०२७, ५२ मध्ये २,५६३ आणि ५४ मध्ये २,०४३. एकटा आकडा मोठा की लहान हे ठरत नाही. ठरतं ते शेजाऱ्यांच्या तुलनेत. ३४ वर काहीच विशेष नसतं, तर कॅल्शियम-५४ चा आकडा कॅल्शियम-५० सारखा एक एमईव्हीच्या (१,००० केईव्हीच्या) आसपास यायला हवा होता. तो त्याच्या जवळपास दुप्पट निघाला.

याहून बोलकी तुलना टायटॅनियमशी होते. टायटॅनियममध्ये कॅल्शियमपेक्षा दोनच प्रोटॉन जास्त. तिथे २८ न्यूट्रॉनांना २+ आहे १,५५४ केईव्हीवर, ३० ना १,०५०, ३२ ना १,४९५ आणि ३४ ना १,१२८. म्हणजे २८ आणि ३२ वर उंचवटा दिसतो, ३४ वर दिसत नाही. दोन प्रोटॉन काढले की ३४ वर उंचवटा उभा राहतो. अरगॉन-५२ मध्ये, म्हणजे आणखी दोन प्रोटॉन काढल्यावर, तो टिकतो: १,६५६ केईव्ही.

याचं कारण कक्षांच्या क्रमात आहे. २८ न्यूट्रॉनांना एफ-७/२ कक्षा भरते. पुढे पी-३/२ मध्ये चार मावतात, तिथे ३२ होतात, पी-१/२ मध्ये दोन, तिथे ३४, मग एफ-५/२. पण एफ-५/२ मधल्या न्यूट्रॉनांना एफ-७/२ मधल्या प्रोटॉनांची ओढ मोठी असते. निकेलमध्ये ती प्रोटॉन-कक्षा पूर्ण भरलेली असते, त्यामुळे एफ-५/२ खाली खेचली जाते आणि ३४ वर फट राहत नाही. कॅल्शियममध्ये त्या कक्षेत प्रोटॉनच नाहीत. ओढ संपते, एफ-५/२ वर सरकते आणि पी-१/२ च्या वर फट पडते. या ओढीत टेन्सर बलाचा (कणांच्या स्पिनच्या दिशांवर अवलंबून असलेल्या बलाचा) वाटा मोठा आहे, हे ताकाहारू ओत्सुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. ३४ वर फट दिसेल हे भाकीत प्रयोगाच्या कितीतरी आधीचं आहे. १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी ज्या जादुई संख्या समजावून दिल्या, त्या स्थिर केंद्रकांच्या आसपासच्या प्रोटॉन-न्यूट्रॉन प्रमाणात खऱ्या आहेत. प्रमाण बदललं की कक्षा सरकतात. न्यूट्रॉनबहुल केंद्रकांचा अभ्यास करायचा तो मुख्यतः यासाठी.

तरीही ‘२+ उंच म्हणजे जादुई’ हा नियम म्हणून पाठ करू नका. निकेल-६८ बघा: २८ प्रोटॉन, ४० न्यूट्रॉन, २+ चक्क २,०३३ केईव्हीवर. म्हणजे कॅल्शियम-५४ इतकीच उंच. शिवाय मूळ अवस्थेतून २+ कडे जाण्याची विद्युत-चतुर्ध्रुवी संक्रमणाची ताकद, ज्याला आम्ही बी-ई-दोन म्हणतो, तीही निकेल-६८ मध्ये लहान आहे. दोन्ही खुणा ‘जादुई’ म्हणतात. पण केंद्रकांची वस्तुमानं मोजली तर ४० न्यूट्रॉनांवर बंधनऊर्जेत म्हणावी तशी पायरी दिसत नाही. कारण असं की ४० च्या खालच्या पी आणि एफ कक्षांची पॅरिटी ऋण आहे आणि वरच्या जी-९/२ ची धन. एकच न्यूट्रॉन वर टाकला तर अवस्थेची पॅरिटी ऋण होते, २+ मिळत नाही. धन पॅरिटी हवी तर जोडी उचलावी लागते, आणि त्याला ऊर्जा लागते. फट बेताचीच असूनही २+ उंच राहते. माझ्या मते या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच महिन्यात निकेल-६८ वरचे वाद वाचावेत; पुढची कितीतरी घाई वाचते.

म्हणून कॅल्शियम-५४ च्या दाव्याला खरं बळ आलं ते २०१८ मध्ये, जेव्हा जपानच्या रिकेन संस्थेत कॅल्शियम-५५, ५६ आणि ५७ यांची वस्तुमानं मोजली गेली आणि ३४ नंतरचा न्यूट्रॉन सैल बांधलेला असल्याचं दिसलं. गॅमाचा शोध २०१३ चा आहे. मधल्या पाच वर्षांत ‘३४ जादुई आहे’ असं म्हणणारे चूक नव्हते. त्यांच्याकडे पुराव्याचा एकच प्रकार होता एवढंच.

उलट दिशेचं उदाहरण मॅग्नेशियम-३२ चं, आणि ते मला जास्त आवडतं. २० न्यूट्रॉन म्हणजे जुनी, प्रतिष्ठित जादुई संख्या. सिलिकॉन-३४ मध्येही २० न्यूट्रॉन आहेत, तिथे २+ आहे ३,३२८ केईव्हीवर. दोन प्रोटॉन काढा, मॅग्नेशियम-३२ येतं, आणि २+ कोसळते ८८५ केईव्हीवर. पहिला इशारा गॅमानं दिला नव्हता. १९७५ मध्ये सर्नमध्ये सोडियमच्या जड समस्थानिकांची वस्तुमानं मोजली गेली आणि सोडियम-३१ व ३२ अपेक्षेपेक्षा घट्ट बांधलेले निघाले. त्यानंतर १९७९ मध्ये सोडियम-३२ च्या बीटा क्षयातून ८८५ ची रेषा पुढे आली. १९९० मध्ये वॉरबर्टन, बेकर आणि ब्राऊन यांनी या परिसराला ‘उलटापालटीचं बेट’ म्हटलं, कारण तिथे ज्या रचनेनं उत्तेजित असायला हवं ती मूळ अवस्था होऊन बसते. १९९५ मध्ये रिकेनमध्ये मॅग्नेशियम-३२ चा बीम शिशाच्या टार्गेटवर सोडून कूलोम उत्तेजनानं, म्हणजे शिशाच्या केंद्रकाच्या विद्युत क्षेत्रानं उत्तेजित करून, बी-ई-दोन मोजलं. ते मोठं निघालं. त्यातून विकृतीचा अंक सुमारे ०.५ येतो, म्हणजे गोल नव्हे, चांगलंच लांबट केंद्रक. २०१० मध्ये सर्नच्याच आयसोल्ड या सुविधेत मॅग्नेशियम-३० वर दोन न्यूट्रॉन चढवून १,०५८ केईव्हीवर दुसरी ०+ अवस्था सापडली. जो गोलसर आकार मूळ अवस्थेचा असायला हवा होता, तो तिथे जाऊन बसला आहे असा तिचा अर्थ लावला गेला. वस्तुमान, बीटा क्षय, कूलोम उत्तेजन, न्यूट्रॉन-स्थानांतर अशा चार वेगवेगळ्या वाटा आणि पस्तीस वर्षं. ‘एका रेषेवरून एवढा निष्कर्ष?’ या तुमच्या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता पहिल्या अनुमानाकडे: रेषेपासून पातळीकडे. इथे आमचं मुख्य हत्यार कॉइन्सिडन्स. एका क्षयात एकापाठोपाठ सुटलेले गॅमा काही नॅनोसेकंदांच्या खिडकीत एकत्र नोंदले जातात. एका रेषेवर गेट लावायचा आणि तिच्यासोबत काय काय दिसतं ते पाहायचं. अ आणि ब एकमेकांसोबत दिसले तर ते एकाच साखळीत आहेत. वर कोण, खाली कोण? साधारणपणे खालची रेषा जास्त तीव्र, कारण वरून येणाऱ्या सगळ्या वाटा तिच्यातून जातात. अ आणि ब यांच्या बेरजेइतक्या ऊर्जेची क ही रेषा दिसली आणि ती त्या दोघांसोबत येत नसेल, तर मधली पायरी टाळून थेट उतरणारी वाट सापडली. पण इथे सांभाळा. कोबाल्ट-६० चा स्रोत डिटेक्टरला चिकटवून ठेवा, १,१७३ आणि १,३३३ च्या जोडीला २,५०६ वर छोटं शिखर दिसेल. ते जवळजवळ सगळं दोन्ही गॅमा एकाच स्फटिकात एकदम शिरल्यामुळे असतं. स्रोत दूर नेला की ते झपाट्याने घटतं. असली ‘बेरजेची’ शिखरं नव्या केंद्रकाच्या पातळीरचनेत शिरणं अशक्य नाही, म्हणून अंतर बदलून किंवा गणित करून ती तपासावी लागतात.

कॉइन्सिडन्सची खरी कमाल विखंडनात दिसते. कॅलिफोर्नियम-२५२ आपोआप फुटतं आणि शेकडो न्यूट्रॉनबहुल तुकडे एकदम तयार होतात. पार गोंधळ. पण दोन तुकड्यांच्या प्रोटॉनांची बेरीज ९८ च असावी लागते. बेरियमचे ५६ तर जोडीदार मॉलिब्डेनम, त्याचे ४२. सीरियमचे ५८ तर जोडीला झिर्कोनियमचे ४०. मग बेरियम-१४४ च्या ओळखीच्या रेषेवर गेट लावला की सोबत मॉलिब्डेनमच्या समस्थानिकांच्या रेषा येतात. सुटलेल्या न्यूट्रॉनांच्या संख्येप्रमाणे १०४, १०५ वगैरे. एखादी अनोळखी रेषा कुणाची हे तिच्या जोडीदारावरून ठरतं. यात ऊर्जेची बारीक विभेदनक्षमता का लागते तेही पाहा: बेरियम-१४४ ची पहिली रेषा १९९ केईव्हीला, मॉलिब्डेनम-१०४ ची १९२ ला. जर्मेनियमच्या डिटेक्टरला हे सात केईव्हीचं अंतर सहज वेगळं करता येतं. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमध्ये दोन्ही मिळून एकच ढिगारा दिसेल. अमेरिकेत आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत असलेल्या ११० जर्मेनियम डिटेक्टरांच्या गॅमास्फिअरसारख्या रचनांनी या पद्धतीनं फार मोठा प्रदेश उलगडला. झिर्कोनियम-९८ ची २+ १,२२३ केईव्हीवर आणि झिर्कोनियम-१०० ची २१३ वर, दोन न्यूट्रॉनांत एवढा आकारबदल, हा त्याच प्रदेशातला किस्सा.

पातळ्यांची शिडी हाती आली की पहिली ४+ आणि पहिली २+ यांच्या ऊर्जांचं गुणोत्तर काढायची सवय लावा. आदर्श फिरणाऱ्या लांबट केंद्रकासाठी ते ३.३३, आदर्श कंप पावणाऱ्या गोल केंद्रकासाठी २. मॉलिब्डेनम-१०४ चं २.९ च्या वर येतं. दोन रेषांवरून मिळणारी ही माहिती एका रेषेपेक्षा पुष्कळ जास्त सांगते.

इथवरचं एका दमात: रेषा म्हणजे फरक, कॉइन्सिडन्समुळे त्या फरकाला जागा मिळते, शेजाऱ्यांशी तुलना केल्यावर अर्थ मिळतो, आणि वस्तुमान किंवा बी-ई-दोनसारखा वेगळ्या जातीचा पुरावा आल्यावर तो अर्थ पक्का होतो.

मग ते रुंद, बसकं शिखर? रिकेनमध्ये कॅल्शियम-५४ असं बनवलं: झिंक-७० चा बीम प्रतिन्यूक्लिऑन ३४५ एमईव्हीनं आदळवून तुकडे केले, त्यातून स्कॅन्डियम-५५ आणि टायटॅनियम-५६ वेगळे काढले, ते बेरिलियमच्या दुसऱ्या टार्गेटवर सोडले. तिथे एक किंवा दोन प्रोटॉन उडाले की कॅल्शियम-५४ उरतं, आणि तेही प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगानं पळत असतं. गॅमा पळता पळता सुटतो. गणित करून पाहा: केंद्रकाच्या स्वतःच्या चौकटीत १,००० केईव्हीचा गॅमा, वेग प्रकाशाच्या ०.६ पट. बरोबर समोर ठेवलेल्या डिटेक्टरला तो २,००० चा दिसेल, काटकोनात ८००, मागच्या बाजूला ५००. कोन माहीत असेल तर हे उलटं दुरुस्त करता येतं, पण कोनात एका अंशाची चूक काटकोनाजवळ ऊर्जेत एक टक्का चूक आणते. जर्मेनियमची मूळ विभेदनक्षमता १,३३३ केईव्हीला दोन केईव्हीच्या आसपास असते. स्फटिक मोठा आणि गॅमा त्यात नेमका कुठे लागला ते माहीत नसेल, तर ती सगळी बारकाई या डॉप्लर परिणामात (वेगामुळे ऊर्जा बदलून दिसण्यात) वाहून जाते. म्हणून रिकेनमध्ये १८६ सोडियम आयोडाइड स्फटिकांची डाली-दोन ही रचना वापरली. विभेदनक्षमता जाडीभरडी, पण पकड मोठी. सेकंदाला मोजकीच केंद्रकं येत असताना हा सौदा शहाणपणाचाच आहे. त्याची किंमत आकड्यातच दिसते: २,०४३, कमीजास्त १९ केईव्ही. युरोपातली अगाटा आणि अमेरिकेतली ग्रेटिना या रचनांत जर्मेनियमच्या प्रत्येक स्फटिकाचे ३६ विद्युत-भाग केलेले असतात, त्यातून गॅमाचा मार्ग मिलिमीटरांच्या अचूकतेनं शोधतात, आणि कोनाची ही अडचण बरीचशी सुटते.

शिखर खरं आहे का हे बघताना मी आधी दोन वर्णपट शेजारी ठेवते: डॉप्लर दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. पळणाऱ्या केंद्रकाची रेषा दुरुस्तीनंतर टोकदार होते. स्थिर गोष्टींच्या रेषा उलट आधी टोकदार असतात आणि नंतर पसरतात: ५११ ची (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन) विनाशन-रेषा, पोटॅशियम-४० ची १,४६१, ॲल्युमिनियमच्या नळीतून येणारी ८४४. जर्मेनियम वापरत असाल तर ५९६ आणि ६९३ जवळ उजवीकडे शेपूट असलेले तिरपे उंचवटे दिसतील. ते न्यूट्रॉन खुद्द जर्मेनियमवर आदळल्याचे, कुठल्याही विलक्षण केंद्रकाचे नाहीत. मग कोनांचे गट पाडायचे, पुढचे डिटेक्टर वेगळे, मागचे वेगळे. खरी रेषा दोन्हीकडे एकाच ऊर्जेला आली पाहिजे. थोडी सरकत असेल तर घाबरायचं कारण नाही: पातळीचं आयुष्य दहा-वीस पिकोसेकंद असेल तर केंद्रक काही मिलिमीटर पुढे जाऊन, मंदावलेल्या वेगानं गॅमा सोडतं. ही सरक नीट समजून घेतली तर तिच्यातूनच आयुष्य मोजता येतं.

आणि शिखराखाली काय आहे तेही बघा. २,०४३ केईव्हीच्या गॅमाचं कॉम्प्टन पठार, म्हणजे डिटेक्टरमध्ये अर्धवटच ऊर्जा सोडून गेलेल्या गॅमांचा पट्टा, १,८१६ पर्यंत पसरतं. त्याच निबंधात १,६५६ ची दुसरी रेषा आहे, म्हणजे ती बरोबर त्या पठारावर बसलेली. डोळ्यांनी तिची उंची ठरवणं व्यर्थ. जिआंट-४ सारख्या सिम्युलेशनमधून प्रत्येक रेषेला डिटेक्टर कसा प्रतिसाद देईल याचा पूर्ण आकार काढायचा आणि ते आकार व पार्श्वभूमी मिळून मोजलेल्या वर्णपटावर बसवायचे, हाच मार्ग. या दोन रेषांची बेरीज ३,६९९. तिथे ३− पातळी असावी असं सुचवलं गेलं आहे.

‘सुचवलं’ हा शब्द मुद्दाम वापरला. स्पिन आणि पॅरिटी ठरवायला गॅमांची कोनीय वाटणी आणि ध्रुवीकरण मोजावं लागतं, त्याला भरपूर नोंदी लागतात. सेकंदाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी केंद्रकं येत असताना ते जमत नाही. मग ‘सम-सम केंद्रकाची सर्वात तीव्र रेषा म्हणजे २+ ते ०+’ असा वहिवाटीचा आधार घेतात. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पण म्हणूनच माहितीसंग्रहांत अशा स्पिनभोवती कंस असतो. ईएनएसडीएफ हा केंद्रकांच्या पातळ्यांचा माहितीसंग्रह उघडाल तेव्हा आकड्यांइतकंच कंसांकडे लक्ष द्या; वाळीत टाकलेल्या शंका तिथे राहतात.

पद्धतीची एक मर्यादा फारसं कुणी सांगत नाही. उत्तेजित पातळी न्यूट्रॉन सुटण्याच्या उंबरठ्यावर गेली की केंद्रक सहसा गॅमा सोडायच्या फंदात पडत नाही, न्यूट्रॉनच टाकतं. ऑक्सिजन-२४ ची २+ सुमारे ४.७ एमईव्हीवर आहे आणि न्यूट्रॉन ४.२ च्या आसपासच सुटतो. त्यामुळे तिथे १६ न्यूट्रॉनांची जादू गॅमानं दिसलीच नसती. उडालेला न्यूट्रॉन पकडून ती पातळी शोधावी लागली. ‘गॅमा दिसला नाही’ याचा अर्थ ‘पातळी नाही’ असा कधीच घेऊ नका.

आता सुरुवातीचा प्रश्न. निवड तुमच्या हातात असेल तर मी बीटा क्षय म्हणेन. केंद्रक सिलिकॉनच्या पट्ट्या असलेल्या डिटेक्टरमध्ये येऊन थांबतं, गॅमा स्थिर केंद्रकातून सुटतो, डॉप्लर नाही, जर्मेनियमची सगळी बारकाई वापरता येते. वर एक फुकटची परीक्षा मिळते: रेषेवर गेट लावून तिची तीव्रता काळानुसार कशी घटते ते पाहायचं. ती जनक केंद्रकाच्या अर्धायुष्यानं घटत नसेल तर रेषा तुमची नाही; नातवंडाची असेल, किंवा बीटानंतर न्यूट्रॉन सुटून तयार झालेल्या, वस्तुमानांकानं एकाने कमी असलेल्या शेजाऱ्याच्या पुढच्या क्षयाची. इथे तर्क आणि यंत्र दोन्ही कमी गुंतागुंतीचे असल्यामुळे पातळीरचना बांधायची शिस्त लवकर लागते.

पण बीटा क्षयाचे स्वतःचे सापळे आहेत. तो जनकाच्या स्पिनच्या आसपासच्याच पातळ्या भरतो, बाकीच्या दिसत नाहीत. आणि न्यूट्रॉनबहुल केंद्रकांत क्षयाची ऊर्जा १० एमईव्हीच्या वर जाऊ शकते. मग ती वरच्या असंख्य पातळ्यांत वाटली जाते, त्यांचे क्षीण, जास्त ऊर्जेचे गॅमा जर्मेनियमला दिसत नाहीत, आणि खालच्या पातळ्यांना थेट मिळालेला वाटा फुगलेला वाटतो. १९७७ पासून याला पँडेमोनियम परिणाम म्हणतात. यावर इलाज म्हणजे मोठ्या स्फटिकांनी साखळीची सगळी ऊर्जा एकत्र गिळणारी पूर्ण-शोषण पद्धत. तुमच्या प्रबंधात लॉग-एफटी चे (बीटा क्षय एखाद्या पातळीकडे किती सहज होतो याच्या मापाचे) आकडे येणार असतील तर परीक्षक यावरूनच सुरू करतील.

वेगवान बीमवरचे प्रयोग वाईट म्हणत नाही. मिशिगनमधलं फ्रिब हे दुर्मिळ समस्थानिकांच्या बीमचं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं, रिकेन आहेच, आणि जिथे सेकंदाला एकही केंद्रक येत नाही असा प्रदेशही त्यांनीच उघडलाय. निकेल-७८ ची २+ २.६ एमईव्हीवर आहे हे २०१९ मध्ये अशाच प्रयोगातून कळलं. तुमच्या गटात तेच काम चालत असेल तर तेच करा; गट चांगला असणं हे पद्धतीपेक्षा महत्त्वाचं. फक्त तिथे पहिलं वर्ष यंत्राच्या प्रतिसादात, कणओळखीत आणि सिम्युलेशनमध्ये जातं, केंद्रकाशी गाठ उशिरा पडते, हे धरून चला.

कुठेही गेलात तरी आजपासून करता येण्यासारखं एक काम आहे. युरोपियम-१५२ चा स्रोत आणि एक जर्मेनियम डिटेक्टर मिळवा. १२२, २४५, ३४४, ७७९, ९६४, १,११२, १,४०८ या रेषा सापडतील. दुसरा डिटेक्टर मिळाला तर १२२ वर गेट लावा, मग ३४४ वर. रेषांचे दोन वेगळे कळप होतील, कारण युरोपियम-१५२ दोन वाटांनी क्षय पावतं: एक समॅरियम-१५२ कडे, दुसरी गॅडोलिनियम-१५२ कडे. पुस्तक न उघडता दोन्हींच्या पातळ्यांची शिडी स्वतः बांधा, मगच माहितीसंग्रहाशी ताडून बघा. दोन्हींत ४+ आणि २+ चं गुणोत्तर काढा: समॅरियमचं ३ च्या आसपास येईल, गॅडोलिनियमचं २.२ च्या. न्यूट्रॉन ९० आणि ८८. त्यानंतर २०१३ चा कॅल्शियम-५४ चा निबंध पुन्हा काढा आणि प्रत्येक वाक्याशेजारी समासात लिहा: मोजलं, की अनुमान.